सालारजंगांनी वऱ्हाडाचा भाव केला असता तर

पर्यायी इतिहासाची कथा म्हटली की मराठी वाचकाचे मन आपसूक १७६१ च्या पानिपताकडे वळते. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पुढे काय घडले असते, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद रंगत आले आहेत, आणि त्या वादात मराठवाड्याचे नाव निघालेच तर ते आदल्या वर्षीच्या उदगीरच्या लढाईपुरते निघते. एकोणिसाव्या शतकातला, निजामाच्या राज्यातला मराठवाडा अशा लेखनात माझ्या वाचनात कधी आला नव्हता. म्हणूनच हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग, अर्थात मीर तुराब अली खान, यांना मध्यभागी ठेवून लिहिलेली एक पूर्ण लांबीची मराठी कादंबरी विक्रीला आली आहे असे कळताच मी ती मागवली, आणि वाचून झाल्यावर तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

कादंबरीला शीर्षक म्हणून केवळ एक तारीख दिली आहे: १७ जुलै १८५७. लेखक मराठवाड्यातले निवृत्त शिक्षक असून पुस्तक त्यांनी पदरमोड करून छापले आहे. मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचे नाव घातलेले नाही, आणि त्यांच्या या इच्छेचा मान राखून मीही ते येथे देत नाही.

कादंबरीने काय बदलले आहे हे समजण्यासाठी मुळात काय घडले ते आधी सांगावे लागेल. २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या दडपणाखाली निजाम नासिरुद्दौला यांनी कंपनीशी तह केला, आणि हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. या मुलखाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ५० लाख रुपये धरलेले होते. तह झाला आणि काही दिवसांतच दिवाण सिराजुल्मुल्क वारले; त्यांच्या जागी त्यांचा २४ वर्षांचा पुतण्या आला, तोच पुढे सालारजंग या नावाने ओळखला गेला. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी कारभार हाती घेतला, त्या दिवशी राज्याचा सर्वांत सुपीक प्रांत हातातून गेलेला होता. तो परत मिळवण्याचा ध्यास त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही, हे त्यांच्या चरित्राचे मुख्य सूत्र म्हणता येईल.

पुढे १८५७ च्या जूनमध्ये मोमिनाबादच्या, म्हणजे आमच्या अंबाजोगाईच्या छावणीतून औरंगाबादेस हलवलेल्या कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उफाळला. आपल्याला राज्याच्या सीमेबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढवणार, अशी स्वारांची धारणा झाली होती आणि त्याला त्यांनी साफ नकार दिला. जनरल वुडबर्न फौज घेऊन औरंगाबादेत आला, मीर फिदा अली आणि त्यांच्यासारख्या अनेकांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले. आजच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा ही त्या शिक्षांची जागा. जमादार चिदाखान काही स्वारांसह निसटून हैदराबादेस गेला; निजामाचे सरकार आपल्याला आश्रय देईल अशी त्याची आशा होती. सालारजंगांनी त्यांना कैद करून कंपनीचे हैदराबादेतले प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल डेव्हिडसन यांच्या हवाली केले. त्यावरून शहर खवळले आणि १७ जुलै रोजी तुर्रेबाजखान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ५०० रोहिले रेसिडेन्सीवर चालून गेले. दिवाणांनी रेसिडेंटला आधीच सावध केलेले असल्यामुळे हा हल्ला फसला.

या सगळ्या घटनाक्रमातली एकच गोष्ट लेखकाने बदलली आहे. कादंबरीतले सालारजंग चिदाखानाला पकडतात, परंतु हवाली करत नाहीत. त्याला आणि त्याच्या स्वारांना ते आपल्याच पहाऱ्यात ठेवतात आणि रेसिडेंटकडे निरोप पाठवतात, की या कैद्यांविषयी बोलण्याआधी वऱ्हाडाविषयी लेखी बोलणे व्हावे.

माझ्या मते हा अत्यंत विचारपूर्वक केलेला बदल आहे आणि पुस्तकाचे सारे मोल त्यात आहे. सालारजंगांना घोड्यावर बसवून, हाती तलवार देऊन, नानासाहेबांच्या बाजूने उभे करणे कोणाही लेखकाला सोपे गेले असते आणि मराठवाड्यातल्या वाचकाला ते आवडलेही असते. तसे केले असते तर पानांवर वावरणारा माणूस सालारजंग राहिला नसता, त्यांचे नाव घेतलेला दुसराच कोणी झाला असता. खरे सालारजंग हिशेबी, सावध, कागदपत्रांवर हुकूमत असलेले, शब्द मोजून वापरणारे मुत्सद्दी होते. असा माणूस बंड करणार नाही, परंतु भाव निश्चित करील. निजाम हातचा गेला तर सर्वस्व गेले, अशा आशयाची तार त्या दिवसांत मुंबईच्या गव्हर्नराने रेसिडेंटला केली होती, हे इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असते. समोरचा पक्ष इतका अगतिक असताना दिवाणांनी काहीच मागितले नाही, ही खऱ्या इतिहासातली रुखरुख लेखकाने नेमकी हेरली आहे. सालारजंगांकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन ठरीव रीती आहेत; कोणी त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणून निकालात काढतो, तर कोणी आधुनिक हैदराबादचे शिल्पकार म्हणून त्यांच्यापुढे मान तुकवतो. कादंबरी या दोन्ही वाटा सोडून त्यांना एका निर्णयासमोर उभे करते आणि त्या निर्णयाची किंमत शेवटपर्यंत वसूल करत राहते.

पहिल्या भागातले रात्रीचे प्रकरण तर मी पुन्हापुन्हा वाचले. दिवाणांची देवडी, म्हणजे त्यांचा वाडा, बाहेर अरब पहारेकरी, आत समईच्या उजेडात फक्त दिवाण आणि एक म्हातारा मुन्शी. मेजावर १८५३ च्या तहाची नक्कल उलगडलेली आहे आणि शेजारी कंटिन्जंटच्या खर्चाचा तक्ता आहे: ५,००० पायदळ, २,००० घोडदळ, चार तोफखाने. दिवाण तक्त्यावरचा एकेक आकडा बोटाने दाबून वाचतात, मुन्शी तो पुन्हा मोठ्याने म्हणतो, आणि मध्येच कोंडलेल्या स्वारांपैकी कोणाचा तरी खोकला ऐकू येतो. दिवाण दोन वेळा फारसीत खरिता लिहवून घेतात आणि दोन्ही वेळा फाडतात, कारण पहिल्यात विनंती फार होते आणि दुसऱ्यात धमकी. तिसरा मसुदा जमतो, परंतु त्यावर कोणती मोहोर उमटवायची हा प्रश्न उरतो. नासिरुद्दौला मे महिन्यातच वारलेले आहेत, नवे निजाम अफजलुद्दौला गादीवर बसून जेमतेम दोन महिने झाले आहेत, आणि धन्याला न विचारता दिवाण धन्याच्या मुलखाचा सौदा करू पाहत आहेत. लेखकाने येथे एकही भाषण घातलेले नाही. मुन्शी लाख वितळवून धरून बसतो, ती थिजते, पुन्हा वितळवावी लागते, आणि तेवढ्यात वाचकाला कळून चुकते की या माणसाला इंग्रजांइतकीच स्वतःच्या दरबाराची भीती आहे.

ही भीती ऐतिहासिकदृष्ट्या अगदी खरी आहे. सालारजंगांचे आणि अफजलुद्दौलांचे कधी मनापासून जुळले नाही. १८६१ मध्ये आणि पुन्हा १८६७ मध्ये त्यांना दिवाणपदावरून काढण्याचे प्रयत्न झाले आणि दोन्ही वेळा ते रेसिडेन्सीच्या पाठिंब्याने टिकले. १८५९ मध्ये त्यांच्यावर आणि डेव्हिडसनवर एकत्र असताना हल्लाही झाला होता. अशा माणसाने १८५७ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, आपला एकमेव आधार असलेल्या रेसिडेंटशी घासाघीस केली असती का, हा आक्षेप कोणीही घेईल आणि तो रास्त आहे. लेखकाने तो टाळलेला नाही. त्यांच्या कादंबरीत हे पाऊल धैर्यातून येत नाही, शहराच्या धास्तीतून येते: कैदी हवाली केले तर शहर पेटेल आणि न केले तर कंपनी रुसेल, या कात्रीत सापडलेला दिवाण दोन्ही बाजूंना थोडा वेळ थोपवून धरण्यासाठी वऱ्हाडाची मागणी पुढे करतो, आणि पुढे ती मागणी त्याच्याच हाताबाहेर वाढत जाते. मला हे पूर्ण पटले.

आणखी एक जमलेली गोष्ट अशी, की सौदा होऊनही १७ जुलैचा हल्ला टळत नाही. देवडीत काय ठरले हे शहराला माहीतच नाही. चिदाखान अजून कैदेत आहे एवढेच लोकांना दिसते. तुर्रेबाजखान ठरल्या वेळी रेसिडेन्सीवर चालून जातात आणि दिवाणांपुढे खरी कसोटी त्या संध्याकाळी येते, कारण हल्ल्याची खबर आधी द्यावी तर आपल्याच माणसांचा घात होतो आणि न द्यावी तर कराराचा कागद फाडायला इंग्रजांना निमित्त मिळते. कादंबरीतले सालारजंग खबर देतात. म्हणजे एका बाबतीत इतिहास बदलून लेखकाने दुसऱ्या बाबतीत तो जसाच्या तसा ठेवला आहे, आणि त्यामुळे नायक स्वच्छ राहत नाही. तुर्रेबाजखानांचा मृत्यू आणि मौलवींची अंदमानला रवानगी कादंबरीतही होते. वऱ्हाडाच्या बदल्यात काय काय गेले याचा हिशेब वाचकाने विसरू नये, अशी दक्षता लेखक येथे घेतात.

दुसऱ्या भागात १८६० चा तह येतो. प्रत्यक्षात त्या वर्षी निष्ठेचे बक्षीस म्हणून धाराशिवचा मुलूख आणि रायचूरचा दुआब निजामाला परत मिळाला, ५० लाखांचे कर्ज माफ झाले, सुरपूरचे संस्थानही जोडले गेले, परंतु वऱ्हाड मात्र राहूनच गेले. कादंबरीत त्या यादीत वऱ्हाडाची भर पडते. यात मला विशेष भावले ते धाराशिवचे वर्णन. १८५३ ते १८६० ही सात वर्षे नळदुर्गच्या बाजूचा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली होता आणि मेडोज टेलर हा अधिकारी त्यांतली पहिली काही वर्षे नळदुर्गाच्या किल्ल्यात राहून कारभार पाहत होता, ही गोष्ट आपल्याकडे सुशिक्षित माणसांनाही फारशी ठाऊक नसते. मुलूख परत आल्यावर गावच्या पाटलांना आणि कुळकर्ण्यांना कोणता हिशेब कोणाला दाखवायचा हे कळेनासे होते, महसुलाचे जुने मक्तेदार पुन्हा येतील की काय या धास्तीने शेतकरी दोन्ही सरकारांच्या पावत्या जपून ठेवतात, हे सारे लेखकाने इतक्या जवळून लिहिले आहे की त्या गावच्या मातीचा स्पर्श जाणवतो.

याच भागातले हिंगोलीच्या छावणीचे प्रकरण संपूर्ण पुस्तकात मला सर्वश्रेष्ठ वाटते. वऱ्हाड परत आले म्हणजे ज्या उत्पन्नातून कंटिन्जंट पोसली जात होती ते इंग्रजांच्या हातून गेले. आता फौजेचा खर्च निजामाच्या खजिन्याने सोसावा किंवा फौज मोडावी. दिवाण निम्मी फौज मोडतात. कंटिन्जंटच्या रिसाल्यात शिलेदारी पद्धत होती, घोडा सरकारचा नसून स्वाराचा असे, त्यामुळे नोकरी सुटली की स्वाराजवळ उरतो तो घोडा आणि त्याच्या दाणावैरणीचा रोजचा खर्च. असा एक स्वार हिंगोलीहून आपला घोडा घेऊन माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला निघतो. मार्गशीर्षातली थंडी, यात्रेत दुतर्फा बांधलेली जनावरे, रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी होणारा व्यवहार, आणि ज्या घोड्यावर बसून त्याने चाकरी केली त्याचे दात पाहण्यासाठी एक दलाल त्याचे ओठ वर करतो तो क्षण. स्वार काही बोलत नाही, फक्त लगाम आखूड धरतो, म्हणजे घोड्याला त्रास होणार नाही. दिवाणांनी कागदावर जिंकलेला प्रांत या माणसाला कितीला पडला, हे लेखकाने एकाही शेरेबाजीशिवाय सांगितले आहे. पर्यायी इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक राजवाडे आणि रणांगणे यांतच रमतात. येथे तो माळेगावच्या बाजारापर्यंत पोहोचला आहे.

इतकी उंची गाठल्यावर तिसऱ्या भागात कादंबरी घसरते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले हे खरे, आणि वऱ्हाड निजामाकडे असते तर त्या तेजीचा पैसा हैदराबादच्या खजिन्यात आला असता हेही तर्काला धरून आहे. परंतु त्या पैशावर १८६८ मध्येच जालन्याला आगगाडी आणणे हे लेखकाने फार सोपे करून टाकले आहे. खऱ्या इतिहासात वाडी ते सिकंदराबाद हा राज्यातला पहिला लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला आणि मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीकडे येणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग शतक संपता संपता पूर्ण झाला. मधली पंचवीस-तीस वर्षे कर्जरोख्यांच्या वाटाघाटी, व्याजाची हमी, मार्ग कोणाच्या सोयीचा असावा यावरची ओढाताण यांत गेली. जो लेखक लाखेच्या एका मोहोरेवर अख्खे प्रकरण लिहू शकतो, त्याने रेल्वेचे भांडवल कोठून आले हा प्रश्न अर्ध्या पानात गुंडाळावा याचे वाईट वाटते. पहिल्या भागात ज्या दिवाणाला प्रत्येक आकडा बोटाने दाबून वाचावा लागतो, त्यालाच येथे पैसा मागताक्षणी मिळतो.

याहून गंभीर आक्षेप १८६५ च्या जिल्हाबंदीविषयी आहे. महसुलाचे मक्ते घेणारे तालुकदार आणि त्यांना कर्ज देऊन किल्ले व तालुके अडकवून बसलेले अरब जमादार यांच्या तावडीतून मुलूख सोडवणे, पगारी अधिकारी नेमणे, १४ जिल्हे पाडणे, न्याय, पोलीस आणि टपाल यांची खाती लावणे ही सालारजंगांची खरी कमाई आहे, आणि ती त्यांनी वऱ्हाड नसताना, रिकाम्या खजिन्यानिशी केली. आज आपण बीड, परभणी, नांदेड अशी जिल्ह्यांची नावे सहज घेतो, त्यांच्या प्रशासकीय घडणीचा आरंभ तेथे आहे. कादंबरीत मात्र या सुधारणा वऱ्हाडाच्या पैशामुळे शक्य झाल्या असे दाखवले आहे. त्यामुळे लेखकाने आपल्या नायकाला काल्पनिक यश देताना त्याचे वास्तवातले कर्तृत्व काढून घेतले आहे. खऱ्या माणसाच्या बाबतीत असा बदल करताना अधिक विचार व्हायला हवा होता. त्या काळातल्या दिवाणांनी अरब जमादारांकडून एकेक तालुका कसा सोडवून घेतला, याची कथाच मुळी एखाद्या कादंबरीइतकी रोमहर्षक आहे.

शेवटचा भाग मात्र पुस्तकाला पुन्हा सावरतो. १८७६ मध्ये प्रत्यक्षातले सालारजंग वऱ्हाडाची मागणी घेऊन युरोपला गेले, पॅरिसमध्ये जिन्यावरून पडून त्यांची मांडी मोडली, त्या अवस्थेतही ते लंडनला गेले, ऑक्सफर्डने त्यांना सन्मान्य पदवी दिली, लंडन शहराने गौरव केला, आणि वऱ्हाड न मिळताच ते परतले. कादंबरीत वऱ्हाड हाती असल्यामुळे हा प्रवास घडतच नाही. त्याऐवजी त्या वर्षी सुरू झालेल्या दख्खनच्या मोठ्या दुष्काळात दिवाण बीड आणि नळदुर्गच्या मुलखात फिरतात. पाऊस दिवाणाच्या तहाने बांधलेला नाही, म्हणून दुष्काळ लेखकाने टाळलेला नाही. उलट त्याने एक पाऊल पुढे जाऊन दाखवले आहे, की कापसाच्या तेजीमुळे वऱ्हाडाची पीकपद्धत गोदावरीकाठापर्यंत उतरली होती, ज्वारीखालचे रान कापसाखाली गेले होते, आणि त्यामुळे पेवांमध्ये धान्यच नव्हते. गावकरी दिवाणांना रिकामे पेव उघडून दाखवतात आणि दिवाण आत डोकावून पाहतात. वऱ्हाड परत मिळवल्याचा हा परिणाम त्यांच्या हिशेबात कधी आला नव्हता. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते अशा आजच्या मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांना हे प्रकरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सालारजंगांचा मृत्यू लेखकाने हलवलेला नाही. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने आलेला मृत्यू कादंबरीतही त्याच दिवशी, त्याच रोगाने येतो, आणि ते मला उचित वाटले. त्यानंतरचे एक छोटे प्रकरण १९०२ सालचे आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचे भाडेपट्ट्याने घेतले. कादंबरीत कर्झन तीच मागणी घेऊन येतो आणि या वेळी समोर सालारजंग नाहीत. पुढे काय होते ते मी सांगत नाही, वाचकांनी ते पुस्तकातच वाचावे.

भाषेविषयी थोडे. निवेदन स्वच्छ प्रमाण मराठीत आहे आणि फारसी वळणाचे महसुली शब्द जागच्या जागी, अर्थ उमगेल अशा बेताने आले आहेत. गावकऱ्यांच्या बोलण्यात नांदेड-लातूरकडचे ‘करायलालो’, ‘जायलालो’ आणि औरंगाबादच्या दखनीतले ‘नक्को’, ‘हौ’ सहजपणे मिसळतात. खटकते ती स्त्रियांची अनुपस्थिती. देवडीच्या आत इतका वावर असूनही जनान्याचा आवाज कोठेच ऐकू येत नाही आणि दुष्काळाच्या प्रकरणातही बायाबापड्या दुरून दिसतात. बंडाच्या कटात मराठवाड्याच्या सीमेवरचे कौलासचे राजा दीपसिंह आणि रंगराव पागे यांचा भाग होता. त्यांना एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळायला हवी होती.

एक वस्तू म्हणून पुस्तक कसे आहे, तेही विकत घेणाऱ्याला कळले पाहिजे. कागद पिवळसर आणि डोळ्यांना सुखद आहे, अक्षर मोठे आहे, ज्येष्ठ वाचकांची सोय पाहिलेली दिसते. बांधणी मात्र कच्ची आहे. पुस्तक पूर्ण उघडले की मधली पाने सुटू लागतात, त्यामुळे वाचनालयांनी ते घेताच पुठ्ठ्याची बांधणी करून घ्यावी. मुद्रितशोधनाच्या चुका तिसऱ्या भागात वाढत जातात आणि काही ठिकाणी एकाच व्यक्तीचे नाव दोन प्रकारे छापलेले आहे. सर्वांत मोठी उणीव नकाशाची आहे. पुस्तकात एकच नकाशा आहे, तोही इतका लहान आणि फिकट की वऱ्हाड आणि औरंगाबाद सुभा यांची सीमा भिंगाखालीही नीट दिसत नाही. ज्या कथेचा सारा डोलारा मुलूख कोणाकडे गेला यावर उभा आहे, तिला हे शोभत नाही.

पुस्तक मिळवण्याची व्यवस्था साधी आहे. छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या पुस्तकविक्रेत्यांकडे विचारणा केल्यास प्रत मिळू शकते, आणि बाहेरगावच्या वाचकांना लेखक स्वतः टपालाने पाठवतात. माझी प्रत खाकी कागदात, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून, सुतळीने घट्ट बांधून आली होती आणि एकही कोपरा दुमडलेला नव्हता. आकाराच्या मानाने किंमत रास्त आहे.

मराठवाड्याच्या इतिहासात रस असलेल्या प्रत्येकाने, विशेषतः माध्यमिक शाळांत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी, हे पुस्तक अवश्य घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या पिढीला शाळेत १८५७ म्हणजे मेरठ, दिल्ली, कानपूर आणि झाशी एवढेच शिकवले गेले. मोमिनाबादच्या छावणीतले स्वार त्या धड्यात नव्हते. या कादंबरीत ते आहेत, त्यांना चेहरे आहेत, आणि त्यांच्या नशिबाचा निर्णय करणारा दिवाणही तितकाच माणसासारखा आहे. मात्र विद्यार्थ्यांच्या हाती देताना शिक्षकांनी खरे कोणते आणि कल्पित कोणते हे फळ्यावर दोन रकाने आखून समजावून द्यावे, कारण पुस्तकात तशी सोय नाही आणि लेखकाची शैली इतकी विश्वासार्ह आहे की १८६० मध्ये वऱ्हाड खरोखरच परत मिळाले होते असा समज होण्याचा संभव आहे. दुसरी आवृत्ती काढताना लेखकांनी १८५३ आणि १८६० या दोन्ही तहांच्या मुख्य कलमांचा मराठी अनुवाद परिशिष्टात द्यावा, नकाशा दोन पानांवर मोठा छापावा आणि जालन्याच्या रेल्वेचे प्रकरण पुन्हा लिहावे.